बेसमेंटचं परमिट, आणि मखर गुरुवारच्या आत हलवणं

शुभदा, सोमवार रात्र

मंडळी,
मागच्या मेलला दोघांचीच उत्तरं आली म्हणून परत लिहितेय. आम्ही घर विकतोय, म्हणून आमच्या बेसमेंटमधलं मंडळाचं सामान गुरुवारी सकाळपर्यंत हलायलाच हवं. विक्रीचा करार झालाय, अटर्नी रिव्ह्यूचे, म्हणजे वकिलांनी करार तपासायचे, तीन दिवसही पार पडले. पण इन्स्पेक्टर आला तेव्हा त्याला इलेक्ट्रिक पॅनेलपर्यंत पोचताच आलं नाही. पॅनेलसमोर मखराच्या कमानी, त्यांना टेकून लेझमांची खोकी, आणि वर २०२२ च्या अटलांटिक सिटीच्या अधिवेशनातले गुंडाळलेले बॅनर. पॅनेलसमोर ३६ इंच मोकळी जागा लागते. रिपोर्टात 'तपासता आलं नाही' असं लिहून तो गेला. आता गुरुवारी परत येतोय.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. घेणाऱ्यांच्या अटर्नीने बेसमेंट फिनिश केल्याचं परमिट मागितलंय. ते काम आधीच्या मालकाचं, आम्ही घर घेतलं तेव्हापासून तसंच आहे. ओप्रा, म्हणजे न्यू जर्सीचा सरकारी कागद मागवायचा कायदा, त्याखाली टाऊनशिपकडे माहिती मागवली, तर डेकचं आणि वॉटर हीटरचं परमिट निघालं, बेसमेंटचं नाहीच. बाथरूम, छतातले दिवे, मागची खोली, सगळं बिनपरमिटचं. आमचा अटर्नी म्हणतो, परमिट काढा, नाहीतर किंमत कमी करा, नाहीतर ते सोडून जातील. मागाहून परमिट कुणी काढलंय का? ड्रायवॉल फोडायला लावतात का?

शुभदा

मिलिंद, मंगळवार पहाट

शुभदा, मखराचं केदार बघेल. परमिटचं मी सांगतो, आमचंही बेसमेंट असंच पदरी आलेलं होतं.

बिल्डिंग, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग आणि फायर अशा चार सबकोडचे (बांधकाम नियमांच्या शाखांचे) कागद वेगवेगळे भरावे लागतात. अर्ज पूर्ण असला तर टाऊनशिपने कामाच्या २० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. शनिवार-रविवार धरले की महिना गेलाच. इन्स्पेक्शन मागितल्यावर मात्र त्यांना कामाच्या तीन दिवसांत यावं लागतं. क्लोजिंगची, म्हणजे घर प्रत्यक्ष घेणाऱ्याच्या नावावर होण्याची, तारीख तू लिहिली नाहीस. जवळची असेल तर पुढे ढकलायचं आजच अटर्नीशी बोल.

ड्रायवॉल फोडावी लागते, पण सगळी नाही. एरवी वायरिंग आणि पाइप तपासतात ते भिंत बंद होण्याआधी. आता भिंत बंद आहे, म्हणून ते सांगतील तिथे उघडून दाखवायचं. आमच्याकडे बाथरूमच्या आरशावर वीतभर चौकोन कापला, तर आत दोन वायरी नुसत्या एकमेकींवर पिळलेल्या आणि काळी टेप गुंडाळलेली. ना डबा, ना झाकण. टेपचा चिकटपणा गेलेला, आणि शेजारच्या लाकडाच्या कडेला तपकिरी डाग. त्याच भिंतीपलीकडे माझे सासू-सासरे झोपायचे. इलेक्ट्रिशियनने तो डाग बोट लावून दाखवला तेव्हा आम्ही दोघं काही बोललो नाही. त्यामुळे माझं मत स्वच्छ आहे, परमिट काढ.

मिलिंद

विनायक, मंगळवार सकाळ

शुभदा,
मखर पॅनेलसमोर आम्ही ठेवलेलं नव्हतं. जिन्याखाली, भिंतीलगत, चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. गेल्या वर्षीच्या कार्यकारिणीने विसर्जनानंतर घाईने ढकललं असणार. कोण होतं त्या दिवशी?

कृपा करून कमानी आडव्या नेऊ नका. आडव्या ठेवल्या की प्लाय पोटाशी वाकतो आणि मग बिजागऱ्या जुळत नाहीत. उभ्याच न्यायच्या, मध्ये ब्लँकेट घालून. डाव्या कमानीच्या मोरपिसाऱ्याला सरिताने हाताने रंग दिलाय, त्याला दोरी लागता कामा नये. मी स्वतः येऊन उभा राहतो.

विनायककाका

केदार (सचिव), मंगळवार दुपार

काका, गेल्या वर्षीच्या विसर्जनाला मीच होतो. सामान जिन्याखालीच ठेवलं होतं. नंतर शुभदाताईंकडे सम्प पंप (बेसमेंटमधलं पाणी उपसणारा) बदलला, तेव्हा प्लंबरने सरकवलं. कुणावर ढकलायला नको.

स्टोरेज युनिटचा विषय दोन सभांमध्ये मांडला. दर महिन्याचं भाडं मंडळाने द्यायचं तर ठराव लागतो, आणि इन्शुरन्स कुणाच्या नावावर हे ठरेपर्यंत मी सही करू शकत नाही. तात्पुरतं कुणाच्या गॅरेजमध्ये ठेवता येईल का? कोरडं हवं. लाकडाला ओल चालत नाही आणि ढोलाच्या कातड्याला तर मुळीच नाही.

केदार

राजेश, मंगळवार दुपार

मिलिंदला उत्तर:
तुझ्या घरातल्या वायरी धोक्याच्या होत्या, मान्य. पण तू घरात राहणार होतास. शुभदा घर सोडून चाललीय. टाऊनशिपला बोलावलं की मागोमाग घरपट्टी ठरवणारा असेसर येतो आणि अ‍ॅडेड असेसमेंट, म्हणजे वाढीव घरपट्टी, लावतो. विकणाऱ्याने हे का ओढवून घ्यायचं? किंमत थोडी खाली आणा आणि 'आहे तसं' विकून मोकळे व्हा.

आमच्या जुन्या घराला जमिनीखाली तेलाची टाकी निघाली होती. घेणाऱ्याने टँक स्वीप करून घेतला, मागच्या अंगणात यंत्र वाजायला लागलं. आम्ही टाकी काढण्याचा अंदाजी खर्च किमतीतून वजा केला आणि सही झाली. पैशाने मिटणारी गोष्ट पैशाने मिटवावी.

राजेश

मिलिंद, मंगळवार संध्याकाळ

राजेश, टाकी अंगणात असते, वायर झोपायच्या खोलीच्या भिंतीत. या दोन्ही गोष्टी एका तागडीत घालू नकोस. आणि तुझी टाकी निघाली तेव्हा माती तपासली होती का?

राजेश, मंगळवार संध्याकाळ

तपासली होती. रिपोर्ट अजून फाइलमध्ये आहे.

अनघा, मंगळवार रात्र

मी एजंट आहे हे बहुतेकांना माहीत आहे. शुभदाताईंचं घर माझ्याकडे नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

'आहे तसं' विकणं म्हणजे गप्प राहणं नव्हे. न्यू जर्सीत १ ऑगस्ट २०२४ पासून विकणाऱ्याला घराच्या स्थितीचा डिस्क्लोजर फॉर्म भरून द्यावाच लागतो. पुराचे प्रश्नही त्यात आलेत. तळघरात पाणी आलं होतं का, परमिटशिवाय काही बांधलंय का, हे विचारलं जातं. ओप्राचं उत्तर तुमच्या हातात आहे, म्हणजे तुम्हाला माहीत आहे. ते फॉर्मवर यायलाच हवं, मग परमिट काढा किंवा काढू नका.

मागच्या खोलीला जाहिरातीत 'बेडरूम' म्हटलंय का, तेही बघा. बेसमेंटमध्ये झोपायची खोली म्हणायची तर आगीच्या वेळी बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते. उघडल्यावर ५.७ चौरस फूट मोकळी जागा मिळाली पाहिजे आणि खालची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा उंच नको. आपल्याकडच्या बहुतेक घरांत तिथे छताला लागून एक चपटी सरकती खिडकी असते, तिच्यातून मांजरही जेमतेम जाईल. नुसतं खोलीचं नाव बदललं आणि परमिटच्या नकाशात तसंच दाखवलं तर काम पुष्कळ हलकं होतं.

आणखी एक, जे लोक घर विकायला काढायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. जमिनीखालचं क्षेत्रफळ, कितीही छान फिनिश केलेलं असलं तरी, घराची किंमत ठरवणारा अप्रेझर मुख्य क्षेत्रफळात धरत नाही. बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेचा तसा नियमच आहे. बेसमेंटची वेगळी किंमत धरतात. म्हणून बेसमेंट मिळवून आकडा फुगवू नका. बँकेचा अप्रेझर आला की तो आकडा खाली येतो आणि घेणाऱ्याच्या मनात शंका बसते, ती मग बाकीच्या घरावरही पसरते.

अनघा

लिस्ट व्यवस्थापन, मंगळवार रात्र

अनघाची मेल माहितीची आहे, राहू दे. पण तिच्या मेलनंतर दोघांनी आपापल्या ओळखीच्या काँट्रॅक्टरांचे दरपत्रक जोडून पाठवलं, ते अडवलंय. ही लिस्ट धंद्याच्या जाहिरातीसाठी नाही, हे २०१९ पासून ठरलेलं आहे. नावं शुभदाला खासगीत पाठवा.

नीलिमा, बुधवार सकाळ

आमचं घर वसंतात विकायला काढायचंय. एजंट म्हणाली, देवघर फोटोच्या आधी हलवा, भिंतीवरचे घरच्यांचे फोटोही काढा. फोटो काढले, त्याचं काही नाही. पण देव गुंडाळून खोक्यात भरायचे मला पटत नाही. तुम्ही काय केलंत? आणि फोडणीच्या वासाचं काय करायचं? शोईंग, म्हणजे लोकांनी घर बघायला येणं, कधीही ठरतं.

नीलिमा

सरिता, बुधवार सकाळ

नीलिमा, देव खोक्यात भरायचे नाहीत. आम्ही मूर्ती आणि ताम्हन मैत्रिणीकडे दिलं, तिने रोज पूजा केली. लाकडी देव्हारा मात्र गेस्ट रूमच्या कपाटात ठेवला. घर विकलं गेलं त्या दिवशी तिच्याकडूनच साखर घेऊन आलो. आपल्या देव्हाऱ्याकडे पाहून कुणी नाक मुरडावं यापेक्षा हे मला बरं वाटलं.

फोडणी गॅरेजमध्ये इंडक्शनवर. घरात फक्त कुकर. वासासाठी सुगंधी मेणबत्त्या लावू नकोस, काय झाकताय असा घेणाऱ्याला संशय येतो. पडदे धुवायला टाक, चिमणीची जाळी गरम पाण्यात सोडा घालून भिजव, कार्पेट शाम्पू करून घे. वास पडद्यात आणि कार्पेटमध्ये राहतो, हवेत नाही.

सरिता

विनायक, बुधवार दुपार

सरिता, मोरपिसाऱ्याच्या रंगाचा डबा तुझ्याकडे आहे का? डाव्या कमानीचा एक कोपरा खरचटलेला आठवतो.

राजेश, बुधवार दुपार

शुभदा, क्लोजिंगच्या आधी नॉर्थ कॅरोलिनाला जाणार असशील तर एक्झिट टॅक्सचं बघ. आमच्या शेजाऱ्यांचे पैसे अडकले होते.

मिलिंद, बुधवार दुपार

राजेश, हा वेगळा कर नव्हे, न्यू जर्सीच्या इन्कम टॅक्सचा आगाऊ भरणा आहे, तोही राज्याबाहेर राहणाऱ्या विक्रेत्याकडून. राहतं घर विकलं असेल तर जीआयटी/आरईपी-३ या फॉर्मवर त्याचा चौकोन आहे. तो भरून सही केली की क्लोजिंगला काही कापत नाहीत. फेडरलमध्येही गेल्या पाच वर्षांतली दोन वर्षं त्या घरात राहिलं असलं तर नवरा-बायकोंना मिळून ५ लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर कर नाही. १९९७ पासून हा आकडा तेवढाच आहे आणि घरं मात्र कुठल्या कुठे गेलीत, म्हणून जुन्या सुधारणांच्या पावत्या जपा. त्या घराच्या मूळ किमतीत मिळवता येतात.

शिवाय तुमच्यापैकी ज्यांचं वय ६२ किंवा जास्त आहे त्यांनी रिअल्टी ट्रान्सफर फीमधली (घर विकताना भरायच्या फीमधली) सवलत अटर्नीकडून मागून घ्या. ती आपणहून मिळत नाही, अर्ज जोडावा लागतो.

शुभदा, बुधवार रात्र

सगळ्यांचे मनापासून आभार. परमिट काढतेय. आज लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन येऊन गेला. त्याने दिव्याचा एक डबा खाली ओढून आत टॉर्च मारला आणि मला वर चढून बघायला सांगितलं. इन्सुलेशन दिव्याच्या डब्यावर दाबून भरलेलं, आणि दिवा त्यासाठी बनवलेला नाही. घेणाऱ्यांना दोन लहान मुलं आहेत, मोठीने परवा बघताना मागच्या खोलीत फरशीवर लोळण घेतली होती. राजेश, तुझं म्हणणं व्यवहाराचं आहे, पण हे माहीत झाल्यावर किंमत कमी करून मला सही करता येणार नाही.

अटर्नीने क्लोजिंग पुढे ढकलायची विनंती पाठवली, घेणाऱ्यांनी हो म्हटलं. त्यांच्या मॉर्टगेजच्या दराची मुदत त्यात बसतेय. खोली 'रिक्रिएशन रूम' म्हणून दाखवतोय, अनघाने सुचवल्याप्रमाणे. काम संपल्यावर टाऊनशिपचं सर्टिफिकेट ऑफ अप्रूव्हल मिळालं की ते क्लोजिंगच्या कागदांत जाईल.

ज्यांना पुढे हे करायचंय त्यांना एक सांगते. घर विकताना लागणाऱ्या स्मोक डिटेक्टरच्या सर्टिफिकेटसाठी आम्ही धावपळ केली, कारण स्वयंपाकघराजवळ अग्निशामक लागतो. दहा फुटांच्या आत, भिंतीला ब्रॅकेटवर, २ए:१०बी:सी रेटिंगचा आणि दहा पौंडांपेक्षा जड नको. आमचा सिंकखाली कपाटात होता, तो चालत नाही. बॅटरीवर चालणारे डिटेक्टर असतील तर दहा वर्षांच्या सीलबंद बॅटरीचेच हवेत. हे घर विकायला काढायच्या आधी करून ठेवा. सर्टिफिकेट मात्र क्लोजिंग जवळ आल्यावर घ्या, ते सहाच महिने चालतं.

आता सामान. उद्या सकाळी आठ वाजता हलवायचं, इन्स्पेक्टर साडेदहाला यायच्या आधी. विनायककाका, मी ब्लँकेटं धुऊन ठेवलीत. मला चार माणसं आणि एक गाडी हवी. इतक्या वर्षांत दर गणपतीला याच जिन्यावरून मखर वर गेलंय, ते घाईत कुणीतरी ओढून न्यावं असं मला वाटत नाही.

शुभदा

केदार (सचिव), बुधवार रात्र

आठ वाजता मी आणि प्रणव येतो. ठराव होईपर्यंत सामान माझ्या गॅरेजमध्ये ठेवतो, डीह्युमिडिफायर लावलाय. ठराव पुढच्या रविवारी मांडतोय, कृपया या, कोरम भरत नाही.

विनायक, बुधवार रात्र

केदार, तुझ्या गॅरेजचा दरवाजा किती उंच आहे? कमान सात फूट चार इंच आहे. मोजून कळव, आज रात्रीच.

केदार (सचिव), बुधवार रात्र

सात फूट. कमानी दिवाणखान्यात ठेवतो काका, बाकीचं गॅरेजमध्ये.

विनायक, बुधवार रात्र

चालेल. भिंतीपासून चार बोटं लांब ठेव. हीटरच्या व्हेंटसमोर नको.