सिंहगडाचा डोंगर अंतर्गत हालचालींमुळे तयार झाला की बाह्य प्रक्रियांमुळे?

नववीची_आई (कोथरूड)

नमस्कार. माझ्या मुलीला भूगोलाचा प्रकल्प आहे: परिसरातील एक भूरूप निवडून ते अंतर्गत (जमिनीच्या पोटातल्या) हालचालींमुळे तयार झाले की बाह्य (पाऊस, वारा, नद्या अशा पृष्ठभागावरच्या) प्रक्रियांमुळे, हे सकारण लिहायचे. तिने सिंहगड निवडला आहे. खडक बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हापासून बनलेला, म्हणून डोंगर ज्वालामुखीचा, असे तिचे म्हणणे आहे. पण मग गडावर विवर किंवा शंकूचा आकार का दिसत नाही, या माझ्या प्रश्नावर आम्ही दोघीही अडलो. वली पर्वत (खडकाच्या थरांना वळ्या पडून झालेले) आणि गट पर्वत (भेगांमधला जमिनीचा तुकडा वर उचलला जाऊन झालेले) हे पुस्तकातले प्रकारही त्याला लागू पडत नाहीत. शिवाय विदारण आणि झीज या दोहोंत नेमका फरक काय, हेही कोणी समजावून सांगावे.

निवृत्त_गुरुजी (सदाशिव पेठ)

ताई, तुमच्या मुलीचा पहिला निष्कर्ष अर्धा बरोबर आहे. खडक अंतर्गत प्रक्रियेने दिला, डोंगराचा आकार मात्र बाह्य प्रक्रियांनी दिला. प्रकल्पाच्या प्रश्नातला "की" हाच मला खटकतो.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हा बाहेर आला. तो पातळ असल्यामुळे एका जागी साचून शंकू न होता दूरवर पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा थर आला. असे थरावर थर साचत गेले आणि झीज होऊन उरलेला त्यांचा विस्तार आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. सिंहगड म्हणजे ज्वालामुखीचे तोंड नव्हे, तर या थरांच्या पठारातला उरलेला तुकडा आहे. गड ज्या भुलेश्वर रांगेवर आहे तिच्या उत्तरेचे पाणी मुठेला मिळते आणि दक्षिणेचे शिवगंगेवाटे पुढे नीरेला. दोन्ही बाजूंनी ओढे आणि नद्या पठार कोरत गेल्या आणि मधली रांग उभी राहिली. समुद्रसपाटीपासून गड सुमारे १,३०० मीटर आणि पुणे शहर सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. या फरकाचे कारण गड वर उचलला गेला हे नसून भोवतालचा खडक वाहून गेला हे आहे. थर जवळजवळ आडवे आहेत, वळ्या पडलेल्या नाहीत, हाच त्याचा पुरावा. अशा डोंगराला अवशिष्ट म्हणतात.

आता विदारण आणि झीज. खडक जागच्या जागी फुटतो, कुजतो किंवा भुगा होतो ते विदारण. तो भुगा पाणी, वारा किंवा हिम उचलून नेते आणि नेताना वाटेतला खडकही घासते, ती झीज. कात्रज घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत पाहा: काही ठिकाणी मधला गोटा टणक आणि काळा असतो, तर त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी तपकिरी सालपटे बोटाने सुटतात. ती जागच्या जागी आहेत तोवर ते विदारण. पावसाळ्यात तीच सालपटे गढूळ पाण्याबरोबर ओढ्यात गेली की ती झीज.

खडक_फोड्या (पाषाण)

गुरुजींच्या उत्तरात एक भर घालतो. सगळे थर सारखे नसतात. काही घट्ट असतात, तर काहींत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिलेल्या असतात आणि असा खडक लवकर कुजतो. घट्ट थराचा कडा उभा राहतो, सच्छिद्र थराचा उतार होतो आणि म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. या पोकळ्यांत नंतर पाण्याने आणलेली खनिजे साचली. ती पांढरी, झिओलाइट गटातली खनिजे पुण्याच्या आसपासच्या खाणींत मुबलक सापडतात.

लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मध्ये कुठेकुठे विटकरी मातीचा पट्टा दिसतो, तो मुलीने शोधून त्याचे छायाचित्र लावावे. पहिला प्रवाह थिजल्यावर बराच काळ उघडा राहिला, त्याचे विदारण होऊन माती झाली आणि मग पुढच्या लाव्हाने तिला झाकले, अशी त्याची गोष्ट आहे. म्हणजे उद्रेकांच्या मधल्या काळातही बाह्य प्रक्रिया चालूच होत्या. आधी एक, मग दुसरी, असा क्रम नाही. (रविवारी जाऊ नका, भज्यांच्या गर्दीत दरड बघायला उभे राहणे अवघड होते.)

नववीची_आई (कोथरूड)

दोघांचेही आभार. तिचा पुढचा प्रश्न असा: लाव्हा थांबला, म्हणजे आपल्याकडच्या अंतर्गत हालचाली संपल्या का?

निवृत्त_गुरुजी (सदाशिव पेठ)

ज्वालामुखी थंडावला, हालचाली थांबलेल्या नाहीत. भारताचे भूपट्ट, म्हणजे ज्यावर आपला देश आहे तो पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकते आहे आणि त्याच्या रेट्याने हिमालय उंचावतो आहे. आपल्या बाजूला ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला मोठा भूकंप झाला. त्याचा संबंध जलाशयात साठलेल्या पाण्याशी जोडला जातो, तरी हादरा खालच्या खडकातल्या भेगांवरच बसला.

बाह्य प्रक्रियांचे ताजे उदाहरण हवे असेल तर आंबेगाव तालुक्यातले माळीण घ्यावे. ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात उतारावरची भिजून जड झालेली माती आणि दगड एकदम घसरले आणि गाव गाडले गेले. येथे नदीने काही वाहून नेले नव्हते. पाण्याने पकड सैल केली आणि ओढून नेण्याचे काम गुरुत्वाने केले, म्हणून पुस्तकात ही विस्तृत झीज वेगळी दाखवलेली आहे. प्रकल्पात तिला स्वतंत्र परिच्छेद द्यावा, नदीच्या झिजेत मिसळू नये.