काम करताना गाणी ऐकायला वेगळा प्लेअर: सोनी ए306, हायबी आर3 टू, शॅनलिंग एम0 प्रो की जुना आयपॉड क्लासिक?

कुंचला
मी तैलरंगात काम करते. चित्र चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवते, कारण तो हाताशी असला की लक्ष टिकत नाही. गाणं मात्र हवंच. त्यामुळे निव्वळ ऐकण्यासाठी एक प्लेअर घ्यायचा ठरवलंय.

साधारण 600 सीडी आहेत, सगळ्या फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) उतरवून झाल्यात. बऱ्याचशा मैफलींच्या थेट ध्वनिमुद्रणाच्या आहेत. विलंबित संपून द्रुत सुरू होताना ट्रॅक बदलतो, पण गाणं थांबलेलं नसतं. त्या सांध्यावर अर्धा सेकंद जरी शांतता आली तरी माझा जीव वरखाली होतो. हेडफोन वायरचे आहेत, 32 ओहमचे, आणि तेच वापरणार आहे. हात कायम रंगाने, टर्पेंटाइनने भरलेले असतात, तेव्हा दर वेळी पडद्याला बोट लावणं शक्य नाही.

शीर्षकातल्या चारांवर नजर आहे. जो तो आतल्या डॅक चिपबद्दलच (आकड्यांतून आवाज बनवणारी चिप) लिहितो, आणि त्यावरून मला काहीच ठरवता येत नाही. तुम्ही रोजच्या वापरात काय बघता?

खर्ज
कुंचला, तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. हात रंगाने भरलेले असतात, हे वाक्य चिपच्या नावापेक्षा फार महत्त्वाचं आहे. मी बरीच वर्षं वेगळा प्लेअर वापरतोय आणि मनापासून सांगतो, माणूस प्लेअरला कंटाळतो तो आवाजामुळे क्वचितच. पुढचं गाणं लावायला तीनदा पडदा पुसावा लागतो, म्हणून तो खणात जाऊन पडतो.

म्हणून आधी बटणं बघा. सोनी ए306 च्या कडेला आवाज, मागे, पुढे आणि थांबा-चालू अशी वेगवेगळी बटणं आहेत, शिवाय होल्डची सरकती कळ. खिशात हात घालून न बघता चालवता येतो. हायबीलाही कडेला अशीच बटणं आहेत. शॅनलिंग एम0 प्रो सुंदर वस्तू आहे, 40 ग्रॅमच्या आत वजन, शर्टाच्या खिशात ठेवलेला कळतही नाही. पण त्याचा पडदा 1.54 इंचाचा, बाजूला एकच फिरती कळ, आणि बाकी बहुतेक सगळं त्या इवल्याशा पडद्यावर. 600 सीडींतून एक शोधायची तर स्वच्छ हातांनीसुद्धा वैताग येईल. तुमच्यासाठी मी तो बाजूला ठेवेन.

आता सांध्याचं. एमपीथ्री बनवतानाच फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता घुसते आणि प्लेअरला ती मोजून कापावी लागते. फ्लॅकमध्ये ती भानगड नाही. आवाजाचे मूळ आकडे जसेच्या तसे असतात, त्यामुळे फट ऐकू आली तर दोष प्लेअरचा. आज चांगले प्लेअर हे नीट सांभाळतात, मात्र काहींत सेटिंगमध्ये जाऊन ‘गॅपलेस’ सुरू करावं लागतं. विकत घेण्याआधी तुमचीच एखादी मैफल कार्डावर घेऊन जा आणि ट्रॅकचे शेवटचे दहा सेकंद ऐका. दुकानातल्या नमुन्याच्या गाण्यांवरून हे कधीच कळणार नाही.

चिपबद्दल एवढंच, की सीडीचा आवाजाची मोजणी करण्याचा 44.1 किलोहर्ट्झचा दर 22.05 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडतो आणि माणसाचं ऐकणं 20 च्या आसपास संपतं. तुमचा संग्रह सीडीचा आहे. 192 किलोहर्ट्झचा आकडा खोक्यावर असला काय नि नसला काय, तुम्हाला फरक नाही. हायबीचा 4.4 मिलिमीटरचा बॅलन्स्ड जॅक चालवायला अवघड असलेल्या हेडफोनना जास्त ताकद देतो. तुमच्या 32 ओहमच्या हेडफोनना साधा 3.5 चा पुरतो.

निशाचर
आयपॉड क्लासिकच्या बाजूने कुणीतरी बोललंच पाहिजे. ॲपलने तो 2014 मध्ये बंद केला, त्यामुळे मिळेल तो जुनाच. पण त्यातली हार्ड डिस्क काढून आयफ्लॅशचा ॲडॉप्टर आणि मेमरी कार्ड बसवता येतं. वजन कमी होतं, धक्क्याची भीती जाते. उघडायचाच असेल तर 2005-06 चा व्हिडिओवाला आयपॉड बघा, क्लासिकचं धातूचं कवच उघडताना वाकतं. मूळचा आयपॉड फ्लॅक वाजवत नाही. रॉकबॉक्स ही पर्यायी मोफत प्रणाली टाकली की वाजवतो, तेही फट न पडता. त्या चाकावरून लांबलचक यादीतून बोट फिरवण्याचं सुख दुसऱ्या कशात नाही.

खर्ज
निशाचर, त्या चाकावर माझंही प्रेम आहे. पण त्यावरची यादी आणि आवाज दाबाने नाही, बोटाच्या स्पर्शाने चालतात. आवाज कमी-जास्त करायला बोट फिरवावं लागतं, आणि बोटावर तेल किंवा रंगाचा थर असला की ते अडखळतं. कुंचलांना नेमकी तीच अडचण आहे. शिवाय जुन्या यंत्राची बॅटरी बदलणं, उघडणं, जोडणं याची आवड असेल तरच त्या वाटेला जावं.

अनुस्वार
एक गोष्ट कुणी लिहिली नाही. तुमच्या फाइलींना नावं देवनागरीत दिली आहेत का? अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये ती नीट दिसतात, जोडाक्षरांसकट. स्वतःची छोटी प्रणाली असलेल्या प्लेअरमध्ये कधी चौकोन दिसतात, कधी वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. ‘मध्यरात्र’ हा शब्द लिहिलेली एक फाइल सोबत न्या, लगेच कळेल. ए306 अँड्रॉइडवर आहे, आर3 टू हायबीच्या स्वतःच्या लिनक्सवर.

कुंचला
अनुस्वार, सगळी नावं देवनागरीतच आहेत! रागाचं नाव, गायकाचं नाव, साथीदार, सगळं. माझ्यासाठी हा मुद्दा बटणांइतकाच मोठा निघाला. यावरून सोनीकडे कल होतोय. पण अँड्रॉइड म्हटलं की पुन्हा फोनच घरात आणल्यासारखं होईल ना? आणि त्यात आतली जागा 32 जीबीच आहे.

खर्ज
वाय-फाय बंद ठेवा आणि दुसरं एकही ॲप टाकू नका. मग तो प्लेअरच राहतो. बॅटरीही त्यामुळेच टिकते. 44.1 च्या फ्लॅकसाठी कंपनी 36 तास सांगते, ते काही इंटरनेटवरून गाणी ऐकताना नाही.

जागेचं गणित सोपं आहे. सीडीच्या एका मिनिटाला साधारण 10 एमबी लागतात, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्या ते दोन तृतीयांश. म्हणजे तासाभराची सीडी 300 ते 400 एमबी, 600 सीडी 180 ते 240 जीबी. 256 चं कार्ड संगणकावर 238 च्या आसपास दिसतं, तेव्हा तुमचा संग्रह त्यात जेमतेम मावेल किंवा मावणारही नाही. 512 चं घ्या. सगळ्या फाइली एका हार्ड डिस्कवरही असू द्या, कार्ड कधी दगा देईल सांगता येत नाही.

कुंचला
हार्ड डिस्कवर आहेतच, सीडीही जपून ठेवल्यात. या आठवड्यात भीमपलासचा एक जोड-ट्रॅक आणि ‘मध्यरात्र’वाली फाइल कार्डावर घेऊन जाते आणि सोनी आणि हायबी दोन्ही तपासते. हायबीने अक्षरं नीट दाखवली तर प्रश्न पुन्हा उघडा होईल, कारण बिन-अँड्रॉइडचा प्लेअर मला अजूनही जास्त आवडेल. काय दिसलं ते इथेच लिहीन.