जुन्या व्हिडिओ गेम्सवर आपण कोणाचे व्हिडिओ पाहता? ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

नौपाडा, ठाणे
नव्वदच्या दशकात घरच्या टीव्हीवर ‘कॉन्ट्रा’ खेळलेल्या आणि पार्लरमधल्या ‘मुस्तफा’साठी नाणी साठवलेल्या सर्वांना हे निमंत्रण आहे. त्या खेळांवर यूट्यूबवर व्हिडिओ करणाऱ्यांपैकी आपल्याला कोण आवडते, ते कृपया लिहावे. केवळ चॅनलचे नाव पुरेसे नाही. त्यांच्यामुळे कोणती गोष्ट नव्याने समजली, तेही सांगावे.

ऐरोली
मी शाळेत संगणक शिकवते. एका बाइटमध्ये 0 ते 255 एवढ्याच संख्या मावतात, हे फळ्यावर लिहिले की मुले ते वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. ‘रेट्रो गेम मेकॅनिक्स एक्सप्लेन्ड’चा ‘पॅक-मॅन’वरचा व्हिडिओ दाखवला की मात्र ते पक्के लक्षात राहते. 256 व्या पातळीवर मोजणीचा आकडा 255 ओलांडून 0 होतो. पडद्याच्या तळाशी फळांची चित्रे रेखाटणारा कोड आधी एक फळ रेखाटतो आणि मग आकड्यातून एक वजा करतो, त्यामुळे पुन्हा शून्य येईपर्यंत तो 256 वेळा चालतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनी भरून जातो. हा निर्माता प्रत्येक पायरी चित्रासह उलगडतो, आवाज चढवत नाही आणि प्रेक्षकाच्या बुद्धीवर विश्वास ठेवतो. माझ्या मते या विषयात त्याच्या तोडीचा दुसरा शिक्षक नाही.

कळवा
बाईंचे म्हणणे मान्य आहे, तरी ‘गेमहट’चे जॉन बर्टन यांचा उल्लेख झालाच पाहिजे, कारण ‘ट्रॅव्हलर्स टेल्स’ या कंपनीचे संस्थापक असलेले हे गृहस्थ स्वतः लिहिलेल्या कोडबद्दल बोलतात. कॅसेट फुंकणे आणि यंत्राला चापट मारणे आपण सर्वांनी केले आहे. 1996 च्या ‘सॉनिक थ्रीडी’मध्ये मात्र सेगा कंपनीच्या यंत्रातल्या कॅसेटला धक्का दिला की पातळी निवडण्याचा गुप्त पडदा उघडत असे. बर्टन सांगतात की चाचणीत खेळ बंद पडला तर सेगा तो नाकारत असे, म्हणून कोणतीही चूक झाली की खेळाडूला थेट त्या पडद्यावर नेण्याची योजना त्यांनी केली होती. कोड लिहिणाऱ्यानेच हे सांगावे, याला फार मोल आहे.

नेरुळ
हार्बर लाइनच्या प्रवासात हातातल्या ‘ब्रिक गेम’वर मी विटा रचत असे, पण ‘टेट्रिस’ नावाचा तो मूळ खेळ मॉस्कोमध्ये अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी तयार केला, हे मला नॉर्मन करुसो यांच्या ‘गेमिंग हिस्टोरियन’मुळे कळले. ‘टेट्रिस’वरचा त्यांचा माहितीपट सुमारे तासाभराचा आहे. खेळ विकण्याचे परवाने नेमके कोणाकडे आहेत याचाच घोळ झालेला असताना व्हिडिओ गेम व्यावसायिक हेंक रॉजर्स 1989 मध्ये ‘एलोर्ग’ या सोव्हिएत संस्थेच्या दारात जाऊन उभे राहतात, तो भाग मी पुन्हा पुन्हा पाहते. खुद्द पाजित्नोव्ह यांना मानधन मिळू लागले ते 1996 मध्ये, रॉजर्स यांच्यासोबत स्वतःची कंपनी स्थापन झाल्यावर. कागदपत्रांचा आधार घेऊन इतक्या शांतपणे कथा सांगणारा माणूस विरळा.

वाशी
‘माय लाइफ इन गेमिंग’. नव्या टीव्हीवर जुने खेळ पुसट का दिसतात, हे मला त्यांच्या आरजीबीवरील (लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळे पाठवणाऱ्या टीव्ही जोडणीवरील) मालिकेतून समजले. जुनी यंत्रे 240 ओळींचे पूर्ण चित्र पाठवतात. अनेक नवे टीव्ही त्यालाच अर्ध्या-अर्ध्या ओळींचे चित्र समजून जोडत बसतात, त्यामुळे धूसरपणा येतो आणि बटण दाबल्यावर उशीरही जाणवतो.

घोडबंदर रोड
जेम्स रॉल्फ यांनी ‘अँग्री व्हिडिओ गेम नर्ड’ 2004 मध्ये सुरू केले आणि पुढच्या अनेकांना वाट दाखवली. शिव्यांमुळे मुलांसमवेत ते पाहता येत नाही, तरीही त्यांचा मान मोठाच आहे.

कोपरी, ठाणे पूर्व
वरील सर्व निर्माते मी पाहतो आणि प्रत्येक वेळी मला एक उणीव जाणवते. आपण ज्यांवर खेळलो ती निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉमची नक्कल केलेली यंत्रे होती, आणि ‘9999 इन 1’ कॅसेटमध्ये मोजकेच खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत असत. आपल्या बाजारातल्या या मालाचा इतिहास मराठीतून सविस्तर मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. ज्यांच्या माळ्यावर अशा कॅसेट असतील, त्यांनी वरचे लेबल, आतला सर्किट बोर्ड आणि मेनूचा पडदा यांची स्वच्छ छायाचित्रे काढून येथे द्यावीत. व्हिडिओचे लेखन आणि निवेदन करायला मी तयार आहे.