परफेक्शनिझम सोडायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

प्रश्न
काम नव्वद टक्के होतं आणि तिथेच अडकतं. साधा ईमेल दहादा वाचायचा, 'परंतु' खोडून 'मात्र' करायचं, मग पुन्हा 'परंतु'. पाठवल्यावर एखादी वेलांटी चुकलेली दिसली की दिवस खराब. 'सोडून द्या' म्हणतात सगळे, पण कसं? आणि त्या नादात चांगलं काम करायची हौसच गेली तर?

उत्तर १
हौस जात नाही. चांगलं करावंसं वाटणं हा दोष नाहीच. शफ्रान, कूपर आणि फेअरबर्न या मानसोपचार-संशोधकांनी २००२ मध्ये नेमकी गोम सांगितली: माणूस स्वतःची किंमतच कामाच्या निकालावर टांगून ठेवतो. जमलं नाही तर स्वतःला बोल लावतो, जमलं तर 'सोपंच होतं' म्हणून पट्टी आणखी वर नेतो.

मनाला समजावून हे सुटत नाही, करून बघावं लागतं. निस्तरता येईल असं छोटं काम घ्या. आधी कागदावर लिहा: 'ईमेल एकदाच वाचून पाठवला तर समोरचा मला निष्काळजी म्हणेल', आणि त्यावर किती विश्वास आहे ते शंभरपैकी, समजा ८०. पाठवा. दोन दिवसांनी प्रत्यक्षात काय झालं ते लिहा आणि आकडा पुन्हा टाका. असं पुन्हा पुन्हा करावं लागतं.

फसतं ते बहुधा दोन ठिकाणी. 'काहीतरी वाईट होईल' असं मोघम लिहिलं तर पडताळायला काही उरत नाही. आणि पाठवलेला ईमेल गुपचूप उघडून पुन्हा वाचला, तर मन हेच शिकतं की तपासलं म्हणून निभावलं. तो उघडायचा नाही. खरा सराव तोच आहे.

उत्तर २
वरच्याला एक जोड. औषधाची मात्रा, पैशांचे आकडे, सुरक्षेची तपासणी इथे सैल सोडू नका. तिथे यादी करा, एकेका ओळीवर एकदाच खूण करा. शेवटची खूण झाली की तपासणी संपली.

बाकी कामांत 'पुरे' कशाला म्हणायचं ते सुरुवातीलाच दोन-तीन ओळींत लिहा. काम रंगात आल्यावर ठरवलं तर पट्टी सरकतेच.

उत्तर ३
मोठं अपयश आलं असेल तर त्याच दिवशी कारणमीमांसा नको. पेनबेकर आणि बील या मानसशास्त्र-संशोधकांच्या १९८६ च्या प्रयोगातली पद्धत वापरून बघा: सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, काय घडलं आणि काय वाटलं दोन्ही लिहायचं. शुद्धलेखन बघायचं नाही. लिहून झाल्या झाल्या मन जास्त जड होतं, त्याने घाबरू नका.

कारणं त्यानंतर, वेगळ्या कागदावर. 'मी आळशी' हे कारण नव्हे. 'तपासायला वेळच ठेवला नव्हता' हे कारण, कारण ते पुढच्या वेळी बदलता येतं. एका वेळी एकच बदल करा. झोप, जेवण दोन आठवडे बिघडलेलंच असेल तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्नकर्ता
आणि ईमेल पाठवल्यानंतरच्या त्या दोन दिवसांत खरंच कुणी चूक दाखवली तर?

उत्तर १
तर तेही लिहा: काय शब्दांत दाखवली, दुरुस्तीला किती मिनिटं लागली. ती मिनिटं दहा वेळा वाचण्यात गेलेल्या वेळेशेजारी मांडा.