केसांची टोकं काथ्यासारखी झालीत, कापा सोडून काहीही सांगा

वेताळ_टेकडी
नमस्कार मंडळी. केसांची टोकं अक्षरशः काथ्या झालीत. खालची चार बोटं तर हात लावला की चरचर वाजतात, कंगवा नेमका तिथेच अडकतो आणि मग तुकडे पडतात. तेल झालं, कोरफड झाली, दही झालं, अंडंपण झालं (दोन दिवस घरात वास, त्यावरून बोलणी वेगळी). फरक शून्य. कापायचे नाहीत. म्हणजे नाहीतच, तेव्हा "एक इंच ट्रिम करून टाक" असं कृपा करून कोणी लिहू नका, ते घरी रोज ऐकायला मिळतंय. डिसेंबरपर्यंत टिकायला हवेत. पुण्यात दुकानात जाऊन घेता येईल असं काहीतरी सांगा, ऑनलाइन मागवलेल्या दोन बाटल्या आधीच पडून आहेत. जरा लवकर प्लीज.

माई७१
अगं बाळा, तेल लावलं म्हणजे कुठलं आणि कसं? हल्ली मुली तळहातावर चार थेंब घेतात, वरून फिरवतात आणि तेल लावलं म्हणतात. आमच्या वेळी शनिवारी रात्री खोबरेल कोमट करून आई टोकापर्यंत चोळायची आणि घट्ट वेणी घालून झोपवायची, रविवारी शिकेकाई. लग्न होईपर्यंत माझी वेणी कमरेखाली होती.

चौकस
केस किती लांब, सरळ की कुरळे, कशाने धुता, आठवड्यातून किती वेळा, रंग, मेंदी, स्ट्रेटनिंग काही केलंय का, पाणी कुठलं? यातलं एक अक्षर न सांगता "जरा लवकर प्लीज". डॉक्टरकडे गेल्यावरही नुसतं "दुखतंय" म्हणून गप्प बसता का?

आप्पा_कर्वेनगर
कांद्याचा रस. किसून, गाळून, मुळाशी लावायचा, अर्धा तास ठेवायचा. माझ्या मेव्हण्याचं टक्कल पडत चाललं होतं ते थांबलं.

वेताळ_टेकडी
आप्पा, केस गळत नाहीयेत, टोकं कोरडी आहेत.
चौकस, सरळ आहेत, खांद्याच्या खाली. रंगबिंग काही नाही. आठवड्यातून तीनदा धुतो, नेहमीसारखेच.

पार्लरवाली_कोथरूड
हाय डिअर, एवढे डॅमेज झाले असतील तर तेलाने काहीही होणार नाही, स्पष्ट सांगते. केराटिन करून घे, एका सिटिंगमध्ये टोकं सिल्की दिसतील आणि कापायलाही लागणार नाहीत. वीस वर्षं या लाइनमध्ये आहे.

टायट्रेशन
केराटिनच्या नावाखाली जे लावतात त्यातल्या बऱ्याच मालात फॉर्मल्डिहाइड असतं, नाहीतर गरम इस्त्री फिरवल्यावर ते सोडणारं काहीतरी असतं. डोळे चुरचुरतात ते उगाच नाही. आणि केस हे मेलेलं प्रथिन आहे हो, डोक्याच्या कातडीबाहेर आलेला भाग काही खात-पीत नाही की भरून येत नाही. फाटा फुटला की फुटला. सिरममधलं सिलिकॉन त्याला वरवर चिकटवून ठेवतं, पुढच्या धुण्यापर्यंत. ताई, मुळात टोकं फक्त कोरडी आहेत की फाटे फुटलेत ते आधी बघा, पांढऱ्या कागदावर एक केस धरून.

पार्लरवाली_कोथरूड
सर, तुम्ही शाळेत शिकवा, केस आम्हाला शिकवू नका. चांगला प्रॉडक्ट वापरला तर काही होत नाही.

टायट्रेशन
शाळेतच शिकवत होतो. ३१ वर्षं.

वेताळ_टेकडी
अहो ताई नाही मी, वर "धुतो" लिहिलंय की.

चौकस
टायपो वाटला.

माई७१
अरे बाळा, मग कापायला काय झालं??

वेताळ_टेकडी
हाच प्रश्न येणार म्हणून लिहिलं नव्हतं. केस द्यायचेत. केमोनंतर पेशंटना विग करून देतात त्यासाठी. आईची ट्रीटमेंट चालू होती तेव्हा ठरवलं होतं, आता ती ठणठणीत आहे आणि तीच मागे लागलीय की काप ते झिपरे म्हणून. जिथे द्यायचेत तिथे बारा इंच मागतात, आत्ता मागे रबर लावून मोजले तर साडेदहा भरतात. एक इंच ट्रिम म्हणजे माझे दोन महिने गेले. आणि हो, फाटे आहेत, कागदावर बघितले, काहींना तर तीन तोंडं आहेत.

टायट्रेशन
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलं असतंत तर केराटिनचा विषयच निघाला नसता. केमिकल केलेले केस बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. बाकी तुमचं गणित बरोबर आहे, महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे अर्धा इंच. सप्टेंबर ते डिसेंबर दीड इंच. म्हणजे अगदी काठावर, खालून तुटत राहिले तर बारा भरणार नाहीत. आता पाणी कुठलं ते सांगा, तो प्रश्न राहिलाच आहे.

पार्लरवाली_कोथरूड
अरे दादा, हे आधी सांगायचं ना. केराटिन कॅन्सल. पण फाटे तसेच ठेवलेस तर ते वर चढत जातात आणि मग मधूनच तुटतं, म्हणून ऐक. केसांची बोटाएवढी बट घे, पीळ घाल, पिळातून जी टोकं बाहेर डोकावतात तेवढीच धारदार कात्रीने टिप. कागद कापायची कात्री नको, त्याने अजून फाटतात. लांबी तशीच राहते, फक्त फाटलेलं जातं. एका बैठकीत सगळं होत नाही, रोज दहा मिनिटं उजेडात बसून कर.

चौकस
म्हणजे कापायचंच.

पार्लरवाली_कोथरूड
टिपणं आणि कापणं यात फरक असतो सर.

निमा_वाघोली
पाणीच असणार, पैज लावते. आम्ही पेठेतून इकडे राहायला आलो आणि सहा महिन्यांत माझ्या केसांची वाट लागली. बोअर नाहीतर टँकर, नळाच्या तोंडावर पांढरा थर, गीझरच्या कॉइलवर तर नुसता चुना. पेठेत खडकवासल्याचं पाणी होतं, साबणाला असा फेस यायचा. इथे दोन हजारांचा शॉवर फिल्टर लावला, काडीचा उपयोग नाही.

टायट्रेशन
निमाताई, शॉवर फिल्टर मुख्यतः क्लोरीन धरतो. दुष्फेन, म्हणजे साबणाला नीट फेस न येणाऱ्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यातून तसेच पुढे येतात. त्याला सॉफ्टनर लागतो, ज्यात रेझिन असतं आणि अधूनमधून मीठ घालून ते ताजं करावं लागतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. तुमच्या टँकरचं एकदा तपासून घ्या.

निमा_वाघोली
टँकर तपासायचा? आमच्याकडे टँकर कोणाच्या भाच्याचा यावरून सभा उधळली जाते. मागच्या महिन्यात मेंटेनन्स वाढवला, हिशेब मागितला तर ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं.

चौकस
सोसायटीसाठी वेगळा धागा काढा.

वेताळ_टेकडी
आमच्याकडे महापालिकेचंच पाणी आहे, बोअरचं नाही. घरात आरओ मात्र आहे, आमचे आधीचे मालक लावून गेले ते. त्यामुळे पाण्याचा काही प्रश्न नाही. साबणही चांगला आहे, शिकेकाईचा.

माई७१
शिकेकाईचा *साबण* म्हणजे हिरवी वडी का रे? ती शिकेकाई नव्हे बाळा. मंडईत नाहीतर रविवार पेठेत शेंगा मिळतात, रिठा आणि आवळकाठी घेऊन रात्री भिजत घाल, सकाळी उकळून गाळ.

टायट्रेशन
माईंचं बरोबर आहे. वडी ही शेवटी साबणाचीच, म्हणजे अल्कली. केसावर खवले असतात माशासारखे, ते अल्कलीने उघडतात आणि एकमेकांत अडकतात. शिकेकाई किंचित आम्ल असते. आणि दुष्फेन पाण्यात साबण वापरला की फेसाऐवजी चोथा होतो आणि तो केसावर बसतो, म्हणूनच चरचर वाजतात. पण तुमचं पाणी खडकवासल्याचं असेल तर एवढं व्हायला नको. आरओचा उल्लेख का केलात? आरओच्या पाण्याने केस धुता?

वेताळ_टेकडी
नाही हो, एवढं कुठे परवडतं. आरओच्या बाजूच्या पाइपातून जे पाणी वाया जातं ते आई बादलीत साठवते, ती बादली बाथरूममध्ये असते. केस त्यानेच धुतो, नाहीतरी फेकायचंच असतं.

टायट्रेशन
अहो!!!

निमा_वाघोली
🤦‍♀️

टायट्रेशन
तुमच्या पाण्यातले क्षार पडद्याच्या पलीकडे अडवून त्या पाइपातून बाहेर टाकतात, हेच तर ते यंत्र करतं. म्हणजे चांगलं पाणी तुम्ही पिता आणि त्यातले निवडून काढलेले क्षार डोक्यावर ओतता, वर साबण चोळून. किती दिवस चाललंय?

वेताळ_टेकडी
या घरात आल्यापासून. वर्ष झालं. मला वाटलं पाणी म्हणजे पाणी.

पार्लरवाली_कोथरूड
दादा, आता नीट वाच. साबण बंद. शाम्पू फक्त मुळांना, टोकांना वेगळा लावायचा नाही, वरून फेस ओघळतो तेवढा पुरतो. मग कंडिशनर फक्त टोकांना, दोन मिनिटं, आणि तो डोक्यात असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर गुंता सोडव. टॉवेलने खसाखसा पुसू नको, जुन्या टी-शर्टात नाहीतर पंच्यात दाबून ठेव. आणि गाडीवर मोकळे सोडून फिरतोस ना? वेणी घाल, मग हेल्मेट.

वेताळ_टेकडी
वेणी?? पथकात आधीच काकू म्हणतात. गणपतीत दहा दिवस ढोल वाजवला, ऊन, धूळ, गुलाल सगळं डोक्यात, केस तसेच मोकळे.

चौकस
हेही आत्ता सांगताय.

टायट्रेशन
तेल धुण्याआधी लावा, नंतर नको. खोबरेलच. २००३ साली एक पेपर आला होता, खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना, त्यात केसातलं प्रथिन धुपायचं कमी केलं ते फक्त खोबरेलाने, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. माईंची शनिवारची पद्धत शास्त्राला धरूनच होती. पहिल्या एक-दोन वेळा शेवटच्या तांब्यात चमचाभर व्हिनेगर घाला, साबणाचा चोथा सुटेल.

माई७१
मी लिंबू म्हणणार होते.

निमा_वाघोली
मोठ्या दातांचा लाकडी कंगवा तुळशीबागेत नक्की कुठे मिळेल? मागे गेले तर पोळपाट घेऊन आले.

माई७१
राममंदिराच्या आवारात विचार गं.

वेताळ_टेकडी
तीन आठवड्यांनी अपडेट. साबण बंद, नळाचं पाणी, रात्री खोबरेल, व्हिनेगर दोनदा झालं, टिपणं रोज चालू आहे (आईच करते, चष्मा लावून, टोमणे फुकट). फाटे होते ते आहेत, नवे फार दिसत नाहीत. मऊ झाले असं नाही म्हणणार पण चरचर गेली आणि कंगवा खालपर्यंत जातो. माप पावणेअकरा. देताना ओले कापू नका म्हणून सांगितलंय त्यांनी, बुरशी धरते, पूर्ण वाळवून रबर लावून मगच कापायचे. बादली परत फरशीला गेली.

आप्पा_कर्वेनगर
कांद्याचा रस लावला असतास तर अकरा भरले असते.