टू-के क्लिअर मारताना कार्ट्रिज मास्क पुरतो का?

क्लिअरकोट:
हवा गाळणारा कार्ट्रिज मास्क दिला की पेंटरची काळजी मिटली, असं बहुतेक गॅरेजमालक धरून चालतात. माझं मत उलट आहे. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क नसेल, तर त्या गॅरेजात टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून गाडीच्या रंगावर मारतात तो पारदर्शक थर) मारूच नये. थर कडक करणाऱ्या हार्डनरमध्ये एचडीआय या आयसोसायनेटची, म्हणजे दमा जडवू शकणाऱ्या रसायनाची, संयुगं असतात. दोन भाग क्लिअरला एक भाग हार्डनर मिसळला की फवारणीच्या गनमधून तेच बारीक तुषार होऊन उडतं. नाकाला येतो तो थिनरचा वास. आयसोसायनेट वासावरून ओळखता येत नाही, म्हणून कार्ट्रिज कधी संपलं ते पेंटरला समजत नाही. एचडीआयसाठी अमेरिकेत मानली जाणारी आठ तासांची सरासरी मर्यादा 0.005 पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत फक्त पाच भाग. शेडमध्ये पंखा लावून आणि तोंडाला रुमाल बांधून ती पाळली जाणार आहे का?

डेंटिंगपेंटिंग:
साहेब, हे कागदावर ठीक आहे, पण हिशोब बघा. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाची) गन मिनिटाला 10 ते 14 घनफूट हवा खाते. ताजी हवा पुरवणाऱ्या मास्कच्या हूडला वर निदान 6 घनफूट लागते. छोट्या गॅरेजातला दोन एचपीचा कॉम्प्रेसर एकट्या गनलाच धापा टाकत पुरतो. त्यावर हूड जोडला की हवेचा दाब उतरतो, क्लिअरला संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो आणि हूडमध्येही हवा कमी पडते. शिवाय तो कॉम्प्रेसर तेलावर चालणारा. तापला की तेल जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. साधा कोळशाचा फिल्टर तेलाचा वास काढतो, मोनॉक्साइड नाही. तीच हवा माणसाच्या नाकात सोडायची? त्यापेक्षा ए2पी3 (वाफ आणि तुषार दोन्ही अडवणारं) कार्ट्रिज, दाढी केलेला चेहरा, ठरलेल्या तासांनी बदल आणि काम झालं की मास्क झिपच्या पिशवीत बंद. एवढं झालं तरी पुष्कळ.

क्लिअरकोट:
कॉम्प्रेसरचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण त्यावर उपाय आहे. गनचा कॉम्प्रेसर वेगळा ठेवा आणि श्वासासाठी बिनतेलाचा छोटा एअर पंप शेडबाहेर ठेवा, जनरेटर आणि पेंट बूथच्या (फवारणीच्या बंदिस्त खोलीच्या) धुराड्यापासून लांब. तुमचे "ठरलेले तास" ठरवले कुणी? दमट हवेत कार्ट्रिज लवकर भरतं, हे पॅकेटवरचा तक्ता सांगत नाही.

फुप्फुसतज्ज्ञ:
दोघंही मास्कवर अडलात. सगळ्यात जास्त घोटाळा गन बंद झाल्यावर होतो. पेंटर पॅनेल बघायला लगेच मास्कची काच वर करतो. धुकं दिसत नाही, पण हवेत असतं. बूथमध्ये साधारण पाच मिनिटं, साध्या खोलीत वीस मिनिटंसुद्धा. धूर सोडून तो निघून जाईपर्यंतचा वेळ मोजा आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. दुसरं, गन धुताना थिनर हवेत फवारतात, ते बंद करा. तिसरं, नायट्राइल रबराचे हातमोजे घाला. त्वचेवर सांडलेल्या हार्डनरनेही शरीराला त्याची ॲलर्जी जडू शकते.

वर्कशॉप_पुणे:
हे भोपाळचंच आयसोसायनेट ना? मग बाजारात विकतातच कसं?

फुप्फुसतज्ज्ञ:
कुळ एक, पदार्थ वेगळा. 1984 मध्ये भोपाळला सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, झटकन उडणारा. हार्डनरमधला जड आहे, डब्यात फारसा उडत नाही. फवारला की मात्र थेंबांवर स्वार होऊन छातीत जातो. इथला धोका दम्याचा. खोकला कित्येकदा कामाच्या वेळी न येता संध्याकाळी किंवा रात्री येतो, म्हणून पेंटर म्हणतो "हवा बदलली". सुट्टीत बरं वाटतं, सोमवारनंतर पुन्हा छाती भरते. फुंकेचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर हजाराच्या आत मिळतो. जागेपणी दर दोन तासांनी, निदान दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहा. कामाचे दोन आठवडे आणि सुट्टीचे काही दिवस, मीटर तोच. दिवसभरातला चढउतार 20 टक्क्यांच्या वर गेला तर डॉक्टरांकडे वही घेऊन जा.

डेंटिंगपेंटिंग:
अशा माणसाला मास्किंगला (न रंगवायचा भाग झाकायला) लावलं तर चालेल?

फुप्फुसतज्ज्ञ:
त्याच शेडमध्ये नाही. एकदा ॲलर्जी जडली की शेजारच्या गनचे अंशही पुरतात. कामाची जागाच वेगळी लागते.

क्लिअरकोट:
म्हणूनच कार्ट्रिजवर समाधान मानायला माझा विरोध आहे. ॲलर्जी होईपर्यंत महिने, कधी वर्षं जातात. तोवर मास्क "काम करतोय" असंच वाटतं. 2025 पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आयसोसायनेटची विषबाधा नोंदवायच्या आजारांत होती, पण चार माणसांच्या गॅरेजाला तो कायदा लागतच नव्हता. तिथे नोंद करणार कोण?

डेंटिंगपेंटिंग:
पंपाचा खर्च मालकाने उचलला तर मी तुमच्या बाजूने. पंप येईपर्यंत मात्र कार्ट्रिज काढायला सांगू नका. नाहीतर पोरं परत रुमालावर येतील.