सिगरद्रीफा आणि ब्रुनहिल्ड एकच का?

प्रश्न: वोल्सुंग सागात (जुन्या नॉर्स गद्य वीरकथेत) नायक सिगुर्ड ब्रुनहिल्डला हिंदारफ्याल पर्वतावर झोपेतून उठवतो. काव्य एड्डात (जुन्या नॉर्स काव्यसंग्रहात) मात्र तिथे सिगरद्रीफा नावाची वाल्किरी (ओडिन देवाची रणकन्या) आहे. शिवाय सागात दोघं पुढे ब्रुनहिल्डचा पालक हेमिर याच्या घरी पुन्हा जणू नव्यानेच भेटतात. नेमकं काय मानायचं?

उत्तर १: गोंधळाचं मूळ हस्तलिखितात आहे. काव्य एड्डाची मुख्य प्रत, कोडेक्स रेगियस, साधारण 1270 ची. तिच्यातली आठ पानं हरवली आहेत, तीही ऐन मोक्याची: सिगरद्रीफाच्या उपदेशाची अखेर आणि पुढच्या काव्याची सुरुवात त्यांतच गेली. ती पोकळी आपण सागावरून भरतो. पण सागाकाराने दोन वेगळ्या परंपरा सांधल्या असाव्यात, म्हणून भेटी दोन. तो सांधा अजून दिसतो.

उत्तर २: त्याआधी काव्य एड्डातलं ‘हेलरेइद’ वाचाच. मृत्यूनंतर हेलकडे (मृतांच्या लोकाकडे) निघालेली ब्रुनहिल्ड तिथे स्वतः सांगते, की ह्याल्मगुन्नार या राजाला लढाईत पाडल्याबद्दल ओडिनने तिला झोपवलं. हीच कथा सिगरद्रीफाची! ‘गद्य एड्डा’ लिहिणारा स्नोरी तर म्हणतो, जागी झालेली वाल्किरी स्वतःचं नाव हिल्ड सांगते, पण तिला ब्रुनहिल्ड म्हणतात. माझ्या मते ‘सिगरद्रीफा’ हे मुळात वाल्किरीचं विशेषण असावं.

उत्तर ३: तपशील मात्र एकमेकांत मिसळू नका. ब्रुनहिल्डशी लग्न करू पाहणाऱ्या गुन्नारच्या रूपात आलेला सिगुर्ड तिच्याजवळ सागात तीन रात्री राहतो, मध्ये उपसलेली तलवार ठेवून. ‘हेलरेइद’मध्ये रात्री आठ आहेत. जर्मन महाकाव्य ‘निबेलुंगेनलीड’ची ब्रुनहिल्ड तर वेगळीच, भाला, दगड आणि उडी या तीन स्पर्धांत हरवावी लागणारी राणी. नॉर्स कथेत तिच्याभोवती असलेलं अग्नीचं कुंपण तिथे नाही.